खड्ड्याची ओटी

निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने मी घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका मोठ्यानं वाचून दाखवत असे. सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली होती आणि आता हाताशी विद्यार्थी म्हणून एकटा नवरा उरला होता. त्यानं बरेच दिवस सहन केलं. मग एका सकाळी माझ्या चहाच्या कपाखाली एक कात्रण सरकवलं. शनिवार-रविवारी पुण्याजवळच्या एका गावात पुरातत्त्वाचं काम, हौशी मंडळींनी यावं, टोपी आणि पाण्याची बाटली आपापली आणावी.

“तुला नाही तरी जुनं उकरून काढायची सवय आहे,” तो म्हणाला. “निदान तिकडे त्याचं कौतुक होईल.”

अशी मी साठी उलटल्यावर नारायण पेठेतून हडपसर आणि हडपसरहून पुढं, हातात खुरपी घेऊन निघाले. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या दोघी हे वाचणार नाहीत, पण त्यांना वाचून दाखवणारे खूप आहेत. गावाच्या तिन्ही बाजूंना उंच इमारती आलेल्या. मध्ये जुनं गावठाण तेवढं राहिलेलं, देऊळ, पार आणि पत्र्याची-कौलांची घरं.

उत्खनन म्हणजे माझ्या डोळ्यांपुढं भलंमोठं मैदान, तंबू आणि मधोमध सापडलेला राजवाडा असं काहीतरी होतं. प्रत्यक्षात आमच्या वाट्याला आला मीटर बाय मीटरचा खड्डा. लोकांच्या अंगणात, परसात, गोठ्यामागं, जो हो म्हणेल त्याच्या जागेत चार खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधायची आणि वीतभरापेक्षा कमी जाडीचा एकेक थर खरवडत खाली जायचं. निघालेली माती चाळायची. चाळणीत जे उरेल ते, मग ते खापर असो की हाड, पिशवीत भरून वर थराचा क्रमांक टाकायचा. असे गावभर खड्डे घेतले की जुनी वस्ती कुठं होती, कुठून कुठं सरकली, हे कळतं. हे सगळं आम्हाला समजावून सांगणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असतील. त्या मला ‘बाई’ म्हणत, आणि माझा थर वाकडा गेला की तेवढ्याच आदरानं पुन्हा करायला लावत.

मला मिळालं ते अंगण गावात ‘थोरलीचं’ म्हणून ओळखलं जाई. त्याला लागून धाकटीचं. दोघी सख्ख्या जावा. मध्ये विटांची भिंत होती, कमरेएवढी, म्हणजे पलीकडे काय शिजतंय ते दिसावं इतपतच उंच. भिंतीपलीकडच्या खड्ड्यावर हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतला एक इंजिनिअर होता, मूळचा अमरावतीकडचा. आठवडाभर संगणकासमोर बसून याची पाठ धरायची, म्हणून डॉक्टरनं त्याला काहीतरी अंगमेहनत करायला सांगितलं होतं. तो मला ‘काकू’ म्हणे. मी त्याला पहिल्याच दिवशी खुरपी कशी धरायची ते शिकवलं, हे मुद्दाम सांगून ठेवते.

या दोन्ही घरांतले भाऊ एकमेकांशी उत्तम बोलत. संध्याकाळी पारावर एकाच मोबाइलवर क्रिकेट बघत. जावांचं मात्र बोलणं बंद होतं, कित्येक वर्षं. बंद म्हणजे सरळ बोलणं बंद. गावाकडं अबोला धरला तरी निरोप द्यावेच लागतात, आणि त्यासाठी या दोघींकडं एक कोंबडी होती. ती नेमकी कुणाची, हाही वादच. ती भिंतीवरून इकडं-तिकडं जायची आणि अंडं तिला वाटेल तिथं घालायची. थोरली तिच्याकडं बघून भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, “ए, सांग गं पलीकडं, टाकीचं पानी सोडलंय.” पलीकडून उत्तर यायचं, “सांग तिला, आमाला डोळं हाईत.” कोंबडी मध्ये उभी राहून मान इकडून तिकडं करायची. दोघींचा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

भांडणाचं मूळ होळीत होतं. या गावात होळी पेटली की पहिली पुरणपोळी मूळ घराची पडते. तो मानच आहे. घर एक होतं तोवर प्रश्न नव्हता. वाटण्या झाल्या, भिंत उभी राहिली, आणि मूळ घर भिंतीच्या अलीकडचं की पलीकडचं, हे कुणालाच सांगता येईना. जुनं घर केव्हाच पडून दोन्हीकडं नवं बांधकाम झालेलं. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला. होळीसमोर दोघींना शेजारी उभं करायचं, सरपंचांनी ‘एक, दोन, तीन’ म्हणायचं आणि दोघींनी एकदम पोळी टाकायची. त्यानंतर दर वर्षी कुणाची आधी पडली यावर भांडण होई. एका वर्षी तर कुणीतरी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं आणि ते मंद गतीनं लावून अख्ख्या गावानं पाहिलं. निकाल लागला नाही.

हे मला थोरलीनंच सांगितलं, पहिल्या दिवशी, माझ्या खड्ड्याच्या कडेला उकिडवं बसून. सत्तरीची असेल. उंच, काटक, कपाळावर मोठं कुंकू. बोलता बोलता मध्येच म्हणाली, “बाई, औंदाची माझी शेवटची व्हळी.”

मी घाबरलेच. मला वाटलं, आजारी वगैरे आहे की काय. तसं नव्हतं. मुलानं जागा बिल्डरला दिली होती. होळी झाली की घर पाडणार आणि ती मुलाकडं हडपसरला, सातव्या मजल्यावर राहायला जाणार.

“एकदा,” ती म्हणाली, “एकदाच मला पोळी टाकायची हाय, कुनी आकडं न मोजता. तुमच्या म्याडमनी सांगितलं की मूळ घर हितं व्हतं, तर सरपंच मानतो म्हनलाय. भुईतून काय निघतंय ते बघा.”

आता मॅडमनी गावाला शंभरदा सांगितलं होतं की आम्ही मातीचा अभ्यास करतो, मान ठरवत नाही. गावानं ते नम्रपणे ऐकून घेतलं होतं आणि होळीची वाट बघत बसलं होतं.

माझ्या पहिल्या थरात आजचा महाराष्ट्र सापडला. गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या, दात पडलेला कंगवा, एक सिमकार्ड. दुसऱ्या थरात विटांचे तुकडे. त्याच्याखाली काही नाही. पुढच्या थरातही काही नाही. चाळणी हलवून हलवून माझे खांदे निखळायची वेळ आली, खाली बारीक माती पडायची आणि वर चाळणीत मी आणलेली आशा तेवढी उरायची. पलीकडं मात्र दिवाळी चालली होती. इंजिनिअर दर दहा मिनिटांनी ओरडे. “काकू, बांगडी! काकू, हे चिलमीचं टोक आहे म्हणतात मॅडम! अजून एक खापर, याला तर डिझाइन आहे बाप्पा!” त्याच्या पिशव्या भरत होत्या. माझी पहिली पिशवी शांपूच्या पुड्यांची आणि पुढच्या रिकाम्या.

“लेयर फोरमध्येपण काहीच नाही, काकू?” त्यानं भिंतीवरून डोकावून विचारलं.

“आहे ना,” मी म्हटलं. “शांतता आहे. तिकडे मिळत नाही ती.”

आतून मी जळत होते. खड्डा माझा, दोरी मी ओढलेली, कोपरे काटकोनात, आणि चिलीम सापडते कुणाला, तर ज्याला सकाळपर्यंत खुरपी आणि चमचा यांतला फरक कळत नव्हता त्याला. धाकटीही काही कमी नव्हती. तिनं ओट्यावर सुपात सगळी खापरं मांडली होती आणि गावातल्या बायका येऊन हळदीकुंकवाला आल्यासारख्या बघून जात होत्या. “सांग गं तिला,” ती कोंबडीला म्हणाली, “मूळ घर म्हंजे काय ते बघून जा म्हनावं.” थोरली दुपारपासून दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत गेली. मला तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले, खड्ड्यावरचा कागद काढला आणि खाली उतरले. काल जिथं थांबले होते तिथली माती आज लोण्यासारखी निघत होती. दोन हात मारले आणि खुरपी कशावर तरी वाजली. ब्रशनं माती झटकली. तांब्याचं नाणं, शिवराई! तिच्या शेजारी दोन कवड्या. मग एक काजळाची पितळी डबी. मग, माझा माझ्यावर विश्वास बसेना, छोटा पितळी अडकित्ता, अख्खा.

मी किंचाळले. इंजिनिअर भिंतीवरून उडी मारून आला. मॅडम देवळाकडच्या खड्ड्यावरून धावत आल्या. मी अडकित्ता उंच धरून त्याला म्हटलं, “तुझी चिलीम ठेव आता खिशात.” आयुष्यभर मुलांना ‘पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नका’ असं शिकवणारी मी त्या खड्ड्यात उभी राहून पेशव्यांच्या एखाद्या सरदारापर्यंत पोचले होते.

मॅडम खड्ड्याच्या कडेला उकिडव्या बसल्या. त्यांनी शिवराई हातात घेतली. ती सोन्यासारखी झळझळत होती. त्यांनी ती नाकाशी नेली.

“चिंच,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अडकित्त्याखालची माती बोटानं बाजूला केली. तिथं एक सुपारी होती. चांगली टणक, आजही फोडून खाता येईल अशी. आणि सुपारीभोवती मूठभर तांदूळ. इंजिनिअरनं दोन दाणे उचलून चोळले आणि वास घेतला.

“इंद्रायणी आहे, काकू,” तो हळूच म्हणाला.

मी खड्ड्यातच खाली बसले. राग येण्यासारखं सगळं होतं, पण खरं सांगायचं तर मला आधी लाज वाटली, कारण ती माती आधीच उकरलेली होती हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं. लाज संपल्यावर राग आला. मी तरातरा थोरलीच्या स्वयंपाकघरात गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

“तुम्ही ठेवलंत हे सगळं खड्ड्यात?”

“व्हय,” ती म्हणाली. लपवाछपवी नाही, काही नाही. “सासूचं हाय. फडताळात पडलं व्हतं.”

“अहो, पण का?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात पुसले. “तुमी काल दिसभर माझ्या दारात उन्हात बसला. सवाष्न बाई. पलीकडच्याला घडीघडीला काय ना काय गावतंय, आन माझ्या दारचा मानूस रिकाम्या हातानं जानार? भुईला देता येईना, म्हनून मी दिलं. ओटी भरली म्हना.”

“आणि घासून कशाला ठेवलंत? जुनं म्हणून ठेवायचं तर जुनं दिसायला तरी हवं!”

आता मात्र ती दुखावली. “मळकं भांडं पाव्हण्याला द्यायचं? तुमच्या पुन्यात देत असत्याल.”

लबाडी म्हणावी, तर लबाडी करणारं माणूस आधी चिंच लावून वस्तू लख्ख घासत नाही. अडकित्त्याबरोबर सुपारी का, तर सुपारीशिवाय अडकित्ता देणं बरं दिसत नाही. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण खोटा पुरावा इतक्या शिष्टाचारानं ठेवलेला कधी पाहिला नव्हता. हसू यायला लागलं ते आवरेना. तीही हसली, पण तिचे डोळे भरले होते.

“म्हंजे माझ्या भुईत काईच न्हाई, असंच ना?” ती म्हणाली.

तेवढ्यात मॅडमनी बाहेरून हाक मारली. त्या खड्ड्याची उभी बाजू खुरपीच्या धारेनं तासून गुळगुळीत करत होत्या. आम्ही सगळे कडेला जमलो. तासलेल्या मातीत बारीक बारीक आडव्या रेघा दिसत होत्या, एक फिकट, एक गडद, परत फिकट, चिरोट्याच्या पदरांसारख्या. मी आदल्या दिवशी त्या रेघा वरून खरवडत गेले होते आणि मला एकही दिसली नव्हती.

“हे सारवण आहे,” मॅडम म्हणाल्या. “शेणानं सारवलेली जमीन. एकावर एक, एकावर एक. कितीतरी पिढ्या इथं रोज कुणीतरी झाडलंय आणि सणावाराला सारवलंय. इथं घर होतं. आतली जमीन आहे ही. म्हणून काही सापडत नाही. राहत्या घरात कचरा कोण ठेवतं?”

इंजिनिअरनं आपल्या भरलेल्या पिशव्यांकडं पाहिलं. “मग माझ्याकडं जे निघालं ते?”

मॅडमनी आवाज खाली आणला. “तो या घराचा उकिरडा.”

इंजिनिअरनं हातातली पिशवी अशी हळूच खाली ठेवली की मला त्याची दया आली, पण फार वेळ नाही. मॅडम म्हणाल्या, हे धाकट्या बाईंना जरा नीट समजावून सांगावं लागेल, उकिरडा आमच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची जागा असते, वाईट वाटायचं कारण नाही. हे वाक्य त्या पूर्ण करेपर्यंत थोरली भिंतीजवळ पोचली होती.

“ए!” ती कोंबडीला म्हणाली. कोंबडी दचकली. “सांग गं पलीकडं. आमचा उकिरडा तिकडं व्हता म्हनं.”

पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग धाकटी ठसक्यात म्हणाली, “सांग तिला, त्या घराला भांडी फोडायची सवय तवापासूनच हाय म्हनावं.”

थोरली पदर तोंडाला लावून हसत होती. मी तिला इतकं हसताना त्या दिवशीच पाहिलं.

काम संपलं की खड्डा बुजवायचा असतो. बुजवण्याआधी तळाशी आजच्या काळातली एखादी वस्तू ठेवायची पद्धत आहे, म्हणजे पुढं कधी कुणी परत इथं खणलं तर त्याला कळावं की ही माती आधी एकदा उपसलेली आहे. मॅडमनी नवं एक रुपयाचं नाणं काढलं आणि मला टाकायला दिलं. थोरली बघत होती.

“म्हंजे तुमी ठिवलं तर शास्त्र,” ती म्हणाली, “आन मी ठिवलं तर?”

थोरलीनं ती सुपारीही आत टाकली, नाण्याशेजारी, आणि तिला कुणी अडवलं नाही. तिच्या सासूच्या वस्तू मी तिला परत दिल्या. अडकित्ता तेवढा तिनं माझ्या पिशवीत घातला आणि काढू दिला नाही. तो आता नारायण पेठेत आमच्या टीव्हीशेजारी असतो. नवरा पाहुण्यांना सांगतो की हा हिनं स्वतः खणून काढला.

होळीला आम्हाला आमंत्रण होतं. मी गेले, इंजिनिअर बायकोला घेऊन आला. आतल्या जमिनीची बातमी गावभर झालीच होती, त्यामुळं सरपंचांनी या वेळी आकडे मोजले नाहीत. नुसतं “चला, मूळ घर” एवढंच म्हणाले आणि मागं सरले. थोरली एकटी पुढं आली. ताटात एकच पोळी, वर तुपाची धार. तिच्या घराच्या भिंतीवर बिल्डरच्या माणसांनी लाल रंगाची फुली मारून ठेवली होती, ती होळीच्या उजेडात पारापासूनसुद्धा दिसत होती. तिनं पोळी टाकली. सावकाश, घाई न करता टाकली. मग दोन्ही हात जोडून इतका वेळ उभी राहिली की मागची माणसं चुळबुळ करायला लागली.

वळली तेव्हा समोर धाकटी होती, आपलं ताट घेऊन. दोघींमध्ये हातभर अंतर. कोंबडी घरी खुराड्यात होती. थोरलीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून सरळ तिलाच म्हणाली, “फुडल्या सालापासनं तुझा मान. पर कडा जाळू नगंस पोळीच्या. तुझ्या नेहमी जळत्यात.”

मला वाटलं, आता पेटलं. धाकटीनं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

“आक्का,” ती म्हणाली, “सातव्या मजल्यावर कोंबडी ठिवू देत न्हाईत म्हनं.”

“न्हाई देत.”

“मंग बोलनार कुनाशी तुमी?”

थोरलीनं पदरानं तोंड पुसलं, धुरानं चुरचुरतंय असं उगीच दाखवत. मग धाकटीच्या ताटातली पोळी उलटी करून तिनं कडा बघितल्या.

“लिफ्ट हाय,” ती म्हणाली. “ये की.”